चुलीचे तीन दगड

जळगाव, शनिवार संध्याकाळ

आत्ताच लिहायला हवं.

वाचनालयात आज व्याख्यान होतं, ‘साहित्यातला भटका माणूस’. वक्ते छान बोलत होते. मग म्हणाले, भटका माणूस मागे काहीच ठेवत नाही. माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं शाळेत मराठी शिकवतेय, पण भर सभेत कधी उभी राहिले नव्हते. आज राहिले.

सांगितलं, मी गाडीवर फिरणाऱ्या लोहाराची मुलगी. दिवाळीनंतर आमचा मुक्काम ठरलेला, एरंडोलबाहेर एका शेताच्या कडेला, निंबाखाली. निघताना आई सगळी जागा झाडायची, राख पुरायची, पण चुलीचे तीन दगड तसेच मांडलेले ठेवायची. मागून येणाऱ्या बिऱ्हाडाला आल्याआल्या चूल पेटवता यावी म्हणून. काहीच ठेवत नाही म्हणे!

आवाज चढला का माझा? चढला असेल. चढू दे.

खाली बसले, तर मागच्या रांगेतले एक म्हातारे नाना उठले. ते शेत त्यांचंच निघालं. म्हणाले, “बाई, त्या तीन दगड आजून तठेच शेतस. नांगर आम्ही बाजूनं काढतस.”

मी ताठ बसून राहिले, डोळे पुसायचंही सुचलं नाही.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. दगड अजून आहेत याचं तिला काहीच नवल वाटलं नाही. एवढंच विचारलं, “आन् जागा? कोणी झाडस का नई?”