धुतलेला डबा

३ नोव्हेंबर, सोमवार. पहाटे ५.३०
आजपासून रोजनिशी. शिस्त म्हणजे शिस्त. पोलीस भरतीची तयारी जोरात. नगरला सावेडीतली रूम, मी एकटा. एकटं राहण्याचे फायदे बरेच. रवीदादाची कॉट तशीच ठेवलीय, बॅगा ठेवायला बरी पडते. दादाला जाऊन पाच महिने झाले. मी एकदाही रडलो नाही. ग्राउंडवर सगळे म्हणतात, अमृत लई खंबीर.

४ नोव्हेंबर
आई रोज कर्जतहून एसटीने डबा पाठवते. स्टँडवर जाऊन ड्रायव्हरकडून घ्यायचा, रिकामा परतीच्या गाडीत ठेवायचा. अजून दोघांच्या भाकरी येतात. फोनवर सांगितलं तर म्हणाली, हात थांबत न्हाई रं.
जेवण कमी केलंय. डाएट. पळायला हलकं शरीर लागतं.

७ नोव्हेंबर
डाएट उत्तम. डबा आता वॉचमन गोरक्षनाथमामांना देतो. ते आवडीने जेवतात, वर घासूनपुसून चकचकीत करून देतात. आईला वाटतं मी जेवतो. सगळे खूश. याला म्हणतात मॅनेजमेंट.

११ नोव्हेंबर
डबा आणायला स्टँडवर मामाच जातात. मला वेळ नाही. स्टँडची भीती वगैरे अजिबात नाही. त्या दिवशी डबा आणायची पाळी कोणाची होती, हा विषय या वहीत नको.

१४ नोव्हेंबर
जिना चढताना डोळ्यांपुढे अंधार. चष्मा लागला असेल. हात गार पडतात. थंडी. केस गळतात. नगरचं पाणी.
अकॅडमीतली मोनिका पळता पळता म्हणाली, तू शेवटचा जेवलास कधी? म्हटलं, तू तुझं टायमिंग बघ. चांगली मुलगी, पण उगाच चौकशा फार.

१८ नोव्हेंबर
मामांनी डबा आणून दिला, खायला मात्र नकार. म्हणाले, तुज्या आईचं अन्न मला आता गिळंना, पोरा. वयामुळे हळवे झालेत.
मेथीची भाजी होती. दादाची आवडती. झाकण लावून टाकलं. संध्याकाळी कुत्र्याला घातली. डबा मीच घासला. दोनदा.

२२ नोव्हेंबर, शनिवार
उद्या अकॅडमीची ट्रायल. सोळाशे मीटर. संकल्प : पहिला नंबर. मग रीतसर जेवण सुरू. मग स्टँडवर जाईन. मग आईशी नीट बोलेन. क्रम ठरला की माणूस निवांत होतो.

२३ नोव्हेंबर. दवाखाना
दुसऱ्या राउंडला पडलो म्हणे. मला आठवत नाही. सलाइन चालू. ग्राउंड ओलं असावं.

२४ नोव्हेंबर
आई आली. एसटीनेच, डबा मांडीवर घेऊन. मी म्हटलं, मी जेवत होतो, डबे रोज रिकामे येत नव्हते का?
म्हणाली, रिकामे न्हाई, धुतलेले येत हुते. तू जल्मात कवा डबा धुतलास? रवीनंबी न्हाई. खरकटा डबा आला की मला कळायचं, पोरं जेवली.
म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत. मग पाठवत का राहिलीस, विचारलं. म्हणाली, एकांद्या दिशी खरकटा येईल म्हनून.
तोंडातून भलतंच निघालं. म्हटलं, त्या दिवशी पाळी माझी होती. मी झोपेचं सोंग घेतलं. दादा मला शिव्या देत गाडी काढून गेला. स्टँडच्या वळणावर घसरली.
आईने डब्याचं झाकण काढलं. मग म्हणाली, आन् डबा कुनी धाडला हुता?
तिने भाकरी मोडली. निम्मी मला, निम्मी स्वतःला. तिचं मनगट आज नीट पाहिलं. नुसतं हाड. पाच महिन्यांत तीही धड जेवलेली नाही.
मी तीन घास खाल्ले. मग रडू आलं, ते थांबेना. चौथा तोंडातच राहिला. आईचा हातात.
डॉक्टर म्हणतात, बोलायला एक मॅडम आहेत, बुधवारी दोघंही या. मी हो म्हटलेलं नाही. आई म्हणाली, येतो.
डबा खरकटा पडलाय. धुवायला उठलो होतो. आई धुवू देत नाही.