मी पडलो नाही, घाईने उतरलो

१२ जून, सकाळी ६.१०
पुनर्वसन केंद्र, खाट नंबर नऊ. नोंद अचूक हवी म्हणून लिहितो : माड एक्केचाळीस फुटांचा, मी अठ्ठावीस फुटांवर. सगळे म्हणतात, पडला. बत्तीस वर्षं माडांवर चढून नारळ उतरवणारा पाडेली मी, तोही कुणी न शिकवता झालेला. पडेन कसा? घाईने उतरलो, एवढंच. मणका दुखावलाय. ओणमला, २९ ऑगस्टला, चालत घरी जाणार.

१३ जून
फिजिओथेरपिस्ट जेस्ना. उंची चार फूट अकरा. म्हणाली, सुकुमारनदादा, खाटेवरून चाकाच्या खुर्चीत आपलं आपण बसायला शिका, तरच ओणमची सुट्टी. म्हटलं, चालणाऱ्याला खुर्ची कशाला? शेजारचा पत्रोस लॉरीवाला सहा वर्षं खुर्चीत आहे. म्हणाला, चालायला लागलास की माझा चहा आणत जा बाबा.

२ जुलै
मणक्यांचं चित्र पाहिलं. हुबेहूब माडाचं खोड. म्हणजे विषय माझाच. डॉक्टरांना सांगितलं. हसले नाहीत. पटलं असावं.

९ जुलै
बायकोचा फोन. घरच्या सातही माडांचे नारळ पाडायचे राहिलेत, ते कोंबड्यांवर पडतायत. पंचायतीत बायकांना यंत्राने माडावर चढायला शिकवतात. अहो, जाऊ का, म्हणाली. यंत्राने! म्हटलं, मी येतोय ना. तिने फोन ठेवला. पटलं असावं.

१८ जुलै, दुपारी २.४०
सगळे झोपलेले. मी व्हरांड्यात, खुर्चीत (ठेवलेला). चढताना आम्ही पावलं दोरीच्या फासात बांधतोच. मग पाय हलत नाहीत तर बिघडलं कुठे? पत्रोसकडून टॉवेलचा फास बांधून घेतला. खांबाला मिठी मारली, हातांनी ओढून घेतलं. उभा! अकरा सेकंद. मग उतरलो.
जेस्ना काय बोलली ते लिहीत नाही. पत्रोसने तिला सांगितलं, शहाळी काढत होता.

२० जुलै
पालथा पडून लिहितोय. ढुंगणाला खरचटलंय. मला कळलंही नाही. पेनाने टोचून पाहिलं. दोनदा.

१० ऑगस्ट
खुर्चीत सरकायचा सराव सुरू. जेस्नाच्या समाधानासाठी. पहिल्यांदा फरशीवर उतरलो. दुसऱ्यांदाही.

२४ ऑगस्ट
जमलं. चार मिनिटं दहा सेकंद. सुट्टी मंजूर. पत्रोस म्हणाला, राहू दे, चहा मीच आणतो.

२९ ऑगस्ट, तिरुओणम
घरी. खुर्चीतून, तात्पुरता. जेवून माडाखाली बसलो. वर बायको, वासंती! अंगात माझा जुना शर्ट, पायांत यंत्र. वर्गाला गेलीच होती. खालून दोन चुका सांगितल्या : डावा गुडघा बाहेर, कोयता फार लांब. वरून ओरडली, अहो गुरुजी, आधी बाजूला व्हा!
दोन्ही चाकं मागे मारली. सहा फूट, दोन सेकंद. मी होतो तिथेच नारळ आपटला.
मग ती उतरली. एकेक पाऊल, न घसरता. घड्याळ लावलं होतं. सहा मिनिटं.
मला त्या दिवशी दीड सेकंदही लागला नव्हता.
पडलोच होतो.