कोऱ्या पाठीची मेंढी

ता. ९ मार्च २०२५, रविवार
मुक्काम नामक्कल, तमिळनाडू

आक्का,

तुला जळबाचा रामराम. मायला अन् बाला पाया पडतो म्हणून सांग. मी इथं बरा आहे. खाणं बराबर मिळतं, पण सकाळी भात, दुपारी भात, अन् संध्याकाळी काय म्हणून विचारलं तर भात. ज्वारीची भाकर डोळ्यानं पाहून चार महिने झाले. काळी कुत्री व्यायली का? एक पिल्लू माझ्यासाठी ठेवा, कुणाला देऊ नका.

इथं ट्रकच्या बॉड्या बनतात. मी पेंटर मास्तरच्या हाताखाली आहे. म्हातारा माणूस. त्याला हिंदीचे दहा-बारा शब्द येतात, त्यातल्या निम्म्या शिव्या. पहिला महिना नुसतं घासायला लावलं. आता ट्रकच्या मागच्या फाळक्यावर वेली काढू देतो, कमळ काढू देतो. परवा मी मोर काढता काढता त्याच्या पायापाशी एक मेंढी काढली. मास्तर आला, चष्मा वर केला, म्हणे, "ये क्या, कुत्ता?" मी म्हटलं, "भेड है मास्तर." म्हणे, "मालिक मोर बोला. मोर. पोंछो." पुसून टाकली.

तुझं कार्ड सोमवारी मिळालं.

तू त्याच्यावर एक अक्षर लिवलं न्हाईस, म्हणून मी पण लिवणार नव्हतो. पाचवं चित्र काढून पाठवावं म्हटलं. पुठ्ठा कापून ठेवला, पण चार दिवस त्याच्यावर हात चालला न्हाई. शेवटी वहीचे कागद आणले. सातवीत शाळा सोडल्यावर एवढं लांब कधी लिवलं न्हाई. चुकंल तिथं सांभाळून घे.

फोन काहून करत न्हाई म्हणशील. करतो की. तू 'हॅलो' म्हणतेस, मी म्हणतो, 'मेंढ्या कशा हायेत?' तू म्हणतेस, 'बऱ्या हायेत.' मग मागून माय ओरडती, 'त्याला म्हणावं जेवला का?' मी म्हणतो, 'जेवलो.' झाला फोन. मला जे बोलायचं असतं ते 'जेवलो'च्या पुढं येतच न्हाई.

म्हणून ती कार्डं. रंगाच्या डब्यांचे खोके इथं ढिगानं पडलेले असतात. त्याचा पुठ्ठा कापायचा, एका बाजूला पांढरा हात मारायचा, वाळला की ब्रशाच्या टोकाला जो काय रंग उरला असंल त्यानं चित्र काढायचं. मागं तुझं नाव, आपलं गाव डोंगरकडा, तिकीट. पहिलं कार्ड आलं तेव्हा देविदास पोस्टमन तुला म्हणे, "मोहिनी, तुझा भाऊ लिवायचं इसरला का काय? नुसतंच चित्र धाडतो." तू फोनवर हसून सांगितलंस. मला बरं वाटलं. कार्डाला पाकीट नसतं, देविदास सगळ्यांचं सगळं वाचतो अन् हाटेलात सांगतो, हे मला माहीत होतं. चित्र त्याला वाचता येत न्हाई, एवढाच माझा आधार होता.

तुला वाचता येतं हे मी धरलंच न्हाई.

पहिल्या कार्डात वारंगा फाटा काढला होता. चहाचं हाटेल, उभे ट्रक, अन् रोड ओलांडणारं आपलं मेंढरांचं खांड. दुसऱ्यात माय चुलीपाशी अन् तिच्या मांडीला घासणारं कोकरू. तिसऱ्यात बाभळीखाली बसलेली माणसं, सगळी पाठमोरी, अन् बाजूला मेंढ्या. देविदास म्हणाला म्हणे, "ही कोणती जत्रा हाय?" अन् चौथ्यात एकच मेंढी, नुकती कातरलेली, मान वळवून बघणारी.

चारीत मेंढ्या होत्या अन् एकीच्याही पाठीवर मालकाच्या रंगाची निशाणी नव्हती. अख्ख्या वस्तीच्या मेंढरांना ज्यानं आठ वर्षं निशाण्या मारल्या, तो चित्रात निशाणी इसरंल का? मी इसरलो नव्हतो. ब्रश तिथपर्यंत जायचा अन् थांबायचा.

तू ते चौथं कार्ड मला परत धाडलंस. मेंढीच्या मागच्या पुठ्ठ्यावर, मांडीच्या वर, निळीचा पट्टा ओढलास, अन् त्याच्यावर गेरूनं आंगठा उमटवलास. तुझाच आंगठा आहे, वरचा कापल्याचा वण त्यात दिसतो. बास, एवढंच. मी ते कार्ड हातात घेऊन ट्रकच्या खाली जाऊन बसलो. मास्तरला वाटलं ताप आला.

व्हय आक्का. तसंच झालं होतं.

बाकीचं तुला ठाऊक आहे. तरी माझ्या हातानं लिवायचं ठरवलंय, म्हणून पहिल्यापासून लिवतो.

दिवाळीनंतरच्या कातरणीला माणिककाकाचं अन् परमेश्वरचं खांड एकाच दिवशी ओढ्यावर आलं. लोकर उतरली की जुनी निशाणी जाते, म्हणून त्याच दिवशी नवी मारावी लागते. काकाची गेरूची टिकली मानेवर, परमेश्वरचा निळीचा पट्टा पुठ्ठ्यावर. मारणारा मीच. परमेश्वर सेनगावला मामाला सुपारीचं आवतन द्यायला गेला होता. तुझ्याच सुपारीचं. सकाळी जाताना मला म्हणाला, "दाजी म्हणायची सवय कर आता, फुकट रंग मारून घेतो म्हणू नको."

दुपारून गेरू संपला. काकाच्या सात मेंढ्या उरल्या होत्या. गावात जाऊन गेरू आणायचा म्हणजे जाऊन-येऊन एक तास. अन् तिकडं वारंगा फाट्यावर तो नांदेडचा ड्रायव्हर नवा रंगवलेला ट्रक घेऊन येणार होता, मला केबिनमध्ये बसवून फिरवून आणतो म्हणाला होता. माझे पाय कसे असतात तुला माहीत आहे. बा म्हणायचा, ह्याच्या पायाला भिंगरी हाय. निळीचा डबा भरलेला होता. मी त्या सातांना पट्टा ओढून दिला. बिननिशाणीच्या नकोत, उद्या सकाळी पुसून गेरू मारू, असं मनात म्हटलं अन् निघालो. कुणाला सांगितलं न्हाई. सांगायला दोन शब्द लागले असते.

संध्याकाळी खांडं वेगळी करताना परमेश्वरच्या मायनं, बनाबाईनं, निळा पट्टा दिसंल ते आपल्या वाड्यात घेतलं. म्हातारीला डोळ्यानं कमी दिसतं, मेंढी कशी वळखणार, ती रंग वळखते. मी रात्र फाट्यावरच्या ढाब्यात काढली अन् दुसऱ्या दिवशी दुपारी आलो, तर वस्तीवर आरडाओरड चाललेली.

माणिककाका म्हणत होता, "माझ्या सात मेंढ्यांची तोंडं मला लेकरावानी ठाऊक हायेत. ह्याच्या वाड्यात सापडल्या, अन् वर ह्याची निशाणी! रात्री सेनगावहून येऊन ओल्या कातरणीतच गेरू पुसून रंग फिरवला ह्यानं."

बाभळीखाली पंच बसले. परमेश्वरनं भंडारा उचलला, खंडोबाची आण घेतली. लोक म्हणाले, चोर तर चोर, वर खोटा भंडारा उचलतो. मग मला पुढं बोलावलं. परमेश्वर माझ्याकडं बघून म्हणाला, "जळबा, तू सांग की बाबा. तू काय मारलं व्हतंस?"

मी सांगणारच होतो. खरंच सांगतो आक्का, तोंड उघडलं होतं. तेवढ्यात बा उठला. सगळ्यांच्या देखत माझ्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हणाला, "माझं पोरगं भटकं असंल, शाळेत ढ असंल, पण निशाणीत त्याचा हात चुकत न्हाई. आठ वर्षांत एक मेंढी चुकली असंल तर दावा."

बानं चारचौघांत माझं नाव चांगल्या कामासाठी घेतलं ते आयुष्यात पहिल्यांदा. मी तोंड मिटलं. मग म्हटलं, "मी गेरूच मारला व्हता."

आता लोकांना वाटंल, मी भ्यालो व्हतो. न्हाई. भ्यालो असतो तर निदान तेवढं तरी कारण झालं असतं. बाचा हात खांद्यावर होता, तो उचलला जाऊ नये म्हणून मी खोटं बोललो. मला कुणी भंडारा उचलायला पण सांगितलं न्हाई.

त्याच्यानंतर काय झालं ते तू सोसलंस. सुपारी मोडली. तू तीन दिवस एकटीच मेंढ्यांमागं गेलीस. परमेश्वरच्या मेंढ्या कोणी खतासाठी शेतात बसवून घेईना. तो म्हातारीला घेऊन पार परभणीकडं खांड हाकीत गेला. निघायच्या दिवशी तो आपल्या वाड्यावरून गेला, तू आत भाकरी करत होतीस. माझ्याकडं बघून म्हणाला, "सांभाळ रे." कशाला म्हणाला कुणास ठाऊक. चिडून म्हणाला असता तर झोप लागली असती. तिसऱ्या दिवशी मी त्याच ड्रायव्हरच्या ट्रकमध्ये बसलो. तुमी समजलात, पोरगं कामाला गेलं.

आता माय सांगते, पाडव्याला कळमनुरीचे पाहुणे तुझ्या सुपारीला येणार. तू फोनवर 'बरं' म्हणालीस. तुझं ते 'बरं' मला ठाऊक आहे. बाभळीखालून आम्ही परत आलो त्या संध्याकाळी बा म्हणाला होता, "इसर त्याला," तेव्हा पण तू 'बरं' म्हणाली होतीस.

म्हणून काल मी पाचवं कार्ड केलं. तुझ्या नावानं न्हाई, माणिककाकाच्या नावानं. पहिल्यांदा वाटलं, तुझ्याकडं धाडावं, तूच ने अन् दाव. मग माझी मलाच लाज वाटली. माझं ओझं परत तुझ्याच डोक्यावर. एका बाजूला सात मेंढ्या काढल्या, पुठ्ठ्यावर निळे पट्टे, अन् समोर डबा घेऊन उभा असलेला मी. तोंडासकट. नाक जरा मोठं झालंय. दुसऱ्या बाजूला ट्रकच्या मागं लिवतो तसल्या ठसठशीत लाल अक्षरांत:

"माणिककाका, तुमच्या सात मेंढ्यांना निळा पट्टा मी मारला. गेरू संपला व्हता. परमेश्वरला ठाऊक नव्हतं. पंचात मी खोटं बोललो. जळबा मुंजाजी पोले."

मास्तरनं विचारलं, "क्या लिखा? बहुत बड़ा लिखा." मी म्हटलं, "सबको पढ़ना है." देविदास वाचंल. हाटेलात सांगंल. या बारीला त्यानं सांगावं म्हणूनच पाकीट वापरलं न्हाई.

पेटीत टाकलं अन् मग आठवलं, बाला हे देविदासच्या तोंडून कळंल. लगेच फोन लावला. 'मेंढ्या कशा हायेत' विचारलं न्हाई. सरळ सांगितलं. मागं घंट्या वाजत होत्या, म्हणजे बा रानातच होता. मग म्हणाला, "कार्ड टाकलं का?"

"टाकलं."

"मग ठीक. मेंढरं पाण्यावर चाललीत. ठिवतो."

तुला त्यानं सांगितलं का न्हाई ते ठाऊक न्हाई. म्हणून हे पत्र. परमेश्वरचा फोन नंबर बदललाय, पण सेनगावच्या मामाकडून मी नवा मिळवलाय. आज त्याला लावणार आहे. तो काय म्हणंल ते म्हणू दे, मी ऐकून घेणार. तू त्याच्याकडं जा असं मी म्हणत न्हाई, अन् कळमनुरीला जाऊ नको असंही न्हाई. तेवढं तोंड मला राहिलं न्हाई. पण 'बरं' म्हणायच्या आधी तुला खरं ठाऊक असावं. ते तुझ्याकडून मी चार महिने दडवलं. अन् तुलाच चित्रं धाडत बसलो. माफ कर असं लिवायला घेतलं होतं, खोडलं. तू कधी करशील ते तुझं तू बघ.

मास्तरकडून सुट्टी घेतलीय. चैतातल्या कातरणीच्या आत, पाडव्याच्या आधी, वारंगा फाट्यावर उतरीन. न्यायला कुणी येऊ नका, चालत येईन. निशाणीचा डबा आता कुणी माझ्या हातात देणार न्हाई, देऊ पण नये. कातरताना मेंढीचे पाय धरायला एक माणूस लागतोच. त्या कामाला बसंन.

आधीच्या चार कार्डांवर मी नाव टाकलं नव्हतं, ते आज इथं टाकतो.

तुझा धाकटा भाऊ,
ज्यानं तुझी सुपारी मोडली तो,
जळबा मुंजाजी पोले