पहिल्या धारेचा अर्क

नंदुरबार,
दि. ११ डिसेंबर २०२४

चि. सौ. रोहिणी हिस,
अनेक आशीर्वाद.

येथे सर्व क्षेम आहे. थंडी बेताची आहे. वारा फिरला की गावाबाहेरच्या मैदानातील पथारीवर वाळत घातलेल्या मिरचीचा ठसका घरापर्यंत येतो. रनाळ्यास तुम्हा सर्वांची प्रकृती उत्तम असेल, असे मी धरून चालतो. तुझी ताई नूतन गेल्यापासून, म्हणजे चौदा महिने, तू माझा फोन घेत नाहीस. तेव्हा धरूनच चालावे लागते.

पत्रास कारण आनंदाचे आहे. मी अळंबीचा अर्क तयार केला. तू नूतनसाठी आणला होतास, तोच. घरी, स्वयंपाकघरात, स्वतःच्या हाताने. रंग गडद चहासारखा, तळाशी गाळ नाही, आणि कडू इतका की जिभेवर एक थेंब ठेवून मी उभ्या उभ्या स्वतःचे अभिनंदन केले. तेहतीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले, पण ज्याचा निकाल आधीच ठाऊक नाही असा प्रयोग आयुष्यात प्रथमच केला.

क्रमाने सांगतो. ऑगस्टमध्ये कॉलेजच्या कुंपणाशी वठलेल्या गुलमोहराच्या बुंध्यावर ती अळंबी दिसली. तांबूस, वार्निश दिल्यासारखी चकचकीत, लाकडासारखी टणक. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू तपासून खात्री केल्याशिवाय तिला हात लावला नाही; अळंबीच्या बाबतीत अंदाजाला जागा नसते. तुकडे करून उन्हात वाळवले. पुढे अर्क उतरवायला हवे होते मद्य, आणि तेथे माझी पंचाईत झाली. दरवर्षी शंभर मुलांकडून व्यसनमुक्तीची शपथ वदवून घेणारा मी! खोकल्याचे औषधसुद्धा लेबल वाचून घरात घेत असे, हे तू जाणतेस.

सातपुड्यातील काठी गावच्या आरोग्य केंद्रात परिचारिका असताना तू ज्या दिवलीबाईकडून हे औषध शिकलीस, तिलाच मी काठीला निरोप धाडला. मोहाच्या दारूची बाटली आली. नाकाला रुमाल लावून, तोंड फिरवून मी ती बरणीत रिकामी केली. तीव्रता मोजली नाही. एखाद्या विद्यार्थ्याने असे केले असते तर त्याला प्रयोगशाळेबाहेर काढले असते.

अठराव्या दिवशी बरणीवर पांढरी साय धरली. अळंबीला बुरशी लागली! सर्व फेकून द्यावे लागले.

मग स्वतः निघालो. अक्कलकुव्याहून जीप धरली. चालक निघाला भूपेश, माझा जुना विद्यार्थी.

"सर, तुम्ही? काठीले? होळीले तं टाइम शे आजून!"

बाहेरचा माणूस काठीला जातो तो तेथील प्रसिद्ध होळी पाहायलाच. खोटे बोलवेना. म्हणालो, "मोहाची दारू आणावयास चाललो आहे."

त्याने जीपच थांबवली. "आमले तं शपथ दिन्ही व्हती ना तुम्हीनी! मी आजपर्यंत पाळी ऱ्हायनू, आनि तुम्ही चालनात काठीले?"

"तू पाळत राहा. मला औषधासाठी हवी आहे."

"सर्वा आसंच सांगतस, सर."

मागच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. तो घाट मला फार लांब वाटला.

दिवलीबाईने बुरशीची हकीकत शांतपणे ऐकून घेतली. "मास्तर, तुमी पेत नाय, नर्सबाई सांगायची. तुमचं डोकं फिरंल म्हणून पाणी घालून दिली. कडक पाहिजे व्हती तर तोंडानं मागायची ना!"

म्हणजे तिने माझ्यावर दया केली होती! अंगणात सात-आठ माणसे बसलेली, भूपेशही आलेला. मी ताठ उभा राहिलो आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात म्हणालो, "बाई, पहिल्या धारेची द्या. सर्वांत कडक."

तिने थोडी दगडावर ओतली व काडी लावली. निळी, दिसेल न दिसेल अशी ज्योत उठली. भूपेशने टाळ्या वाजवल्या. मी हसलो, रोहिणी. नूतन गेल्यानंतर प्रथमच.

या वेळी तीव्रता मोजली: बावन्न टक्के. सहा आठवडे बरणी रोज हलवली, मग अर्क गाळला. चोथा पाण्यात दोन तास मंद उकळला, ते पाणी आटवून, थंड करून अर्कात मिसळले. दोनदा गाळले. आज बाटली भरली.

येथपर्यंतचे पत्र मी तीनदा लिहिले आणि तीनदा येथेच थांबलो. आता थांबत नाही.

तू आणलेली बाटली मी तुझ्यासमोर मोरीत ओतली. तू म्हणालीस, "भाऊजी, हाई दारू नही, औषध शे. ताईले यानामुळे दोन घास जातस." मी दाराकडे बोट दाखवले. तू गेलीस, ती पुन्हा आली नाहीस. एवढे तुला माहीत आहे.

नूतन तेव्हा आतल्या खोलीत झोपली होती. दुपारी उठल्यावर तिने विचारले, "बाटली कोठे गयी?"

मी म्हणालो, "रोहिणी परत घेऊन गेली. रागावून."

"रोहिणी तशी नही," एवढेच बोलून तिने कूस बदलली. पुढे ती जाईपर्यंतच्या एकोणीस दिवसांत तिने ना बाटलीचा विषय काढला, ना तुझा. तिने माझे खोटे ओळखून मला सांभाळून घेतले, की ते खरे मानून तुझ्यावर रुसूनच ती गेली, हे मला ठाऊक नाही. ते सांगू शकेल असा कोणताही प्रयोग नाही.

अर्काने ती वाचली नसती. डॉक्टरांनी तसे स्पष्ट सांगितले होते, आणि तूही कधी तसा दावा केला नाहीस. जेवणाआधी दहा थेंब कोमट पाण्यात, आणि तोंडाला थोडी चव, इतकेच होते. तेवढेही मी मोरीत ओतले आणि दोष तुझ्या पदरात घातला.

रविवारी सकाळच्या बसने बाटली घेऊन रनाळ्यास येत आहे. अर्क जमला की नाही, हे तू पारखून सांग. या विषयातील परीक्षक तूच आहेस. वर लिहिलेले सर्व मी तुमच्या ओट्यावर, घरच्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर पुन्हा सांगणार आहे. काठीच्या अंगणात मला कळले की, मोठ्याने खरे बोलल्याने माणूस मरत नाही. तू दार उघडले नाहीस, तर बंद दारासमोर उभा राहून सांगेन. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जात असे. रनाळ्याच्या एका दारातून तो खात्रीने आत येईल.

रोहिणीने बाटली परत नेली नव्हती, असे स्वाक्षरीनिशी लिहून देणारा,
तुझ्या ताईचा नवरा,
हेमकांत