आईच्या आवाजाचा कॅमेरा

३ फेब्रु., सोम. सांगली
साताऱ्याला बाबांच्या खोलीत अखेर कॅमेरा बसला. बसवणाऱ्यानं दोन प्रकार दाखवले होते. एक वायरचा, चित्रण घरातल्याच डब्यात साठतं. दुसरा क्लाउडवाला, चित्रण ढगात, आणि मी सांगलीत बसून मोबाइलवर बघायचं, वर बोलायचंही. दुसरा घेतला. देववाणी शिकवण्यात जन्म गेला, आता आकाशवाणी करायला मोकळी.

६ फेब्रु.
"बाबा, गोळी घ्या" म्हटलं. दचकले. मग चक्क घेतली! माझं ऐकायची ही पहिलीच वेळ. स्वयंपाकाच्या पारूमावशींना सांगितलं तर हसल्या. "आवं ताई, तुमचा आवाज डिट्टो बाईंवानी. त्यास्नी वाटलं बाईच बोलल्या."
आई गेली हे बाबांना कधी आठवतं, कधी नाही.

११ फेब्रु.
कालपासून ताट परत. विनवण्या, दटावण्या, दोन सुभाषितं. सगळं वाया. शेवटी आईसारखं म्हटलं, "अहो, चार घास खाऊन घ्या."
जेवले. भात मागून घेतला. कॅमेऱ्याकडे बघून, "तू जेवलीस का गं?"
"हो" म्हटलं. मग भाजी चिरायला घेतली होती ती तशीच...

१९ फेब्रु.
आता रोजचंच. तब्येत सुधारलीय म्हणे. फक्त 'बाबा' म्हणायची सोय उरली नाही. म्हटलं की इकडंतिकडं बघतात, कोण आलं?
आज विचारलं, "असतेस कुठं हल्ली?" तोंडातून निघून गेलं, "सांगलीला."

२० फेब्रु.
मोबाइलवर खोली रिकामी. पारूमावशींना पळवलं. बाबा एसटी स्टँडवर सापडले, सांगलीच्या गाडीची चौकशी करत. पिशवीत आईची शाल. रस्ता ओलांडताना ट्रकखाली यायचे राहिले, कुणीतरी मागं ओढलं म्हणून.

२३ फेब्रु. सातारा
कॅमेरा बदलला. वायरचा, डब्याचा. मुका. नुसता साक्षी, वेदान्त्यांना पसंत पडावा. बसवणारा म्हणाला, "मॅडम, जुन्याचाच आवाज बंद ठेवायचा की. खर्च कशाला?"
बंद ठेवता येतो, खरं आहे. मला चालू करता येतो, हेही.
पहिला कॅमेरा उतरवताना बाबांनी बसवणाऱ्याचा हात धरला. "अहो, हिला कुठं नेताय?"
मग माझ्याकडे वळून, "बाई, तुम्ही तरी सांगा ह्यांना."
मी बसवणाऱ्याला मानेनंच खूण केली, उतरवा.

२६ फेब्रु. सांगली
इथून आता काही दिसत नाही. पारूमावशींचा फोन. "ताई, कालधरनं जेवलं न्हाईत. त्या नव्या कॅमेऱ्याम्होरं बसून हाईत. 'रुसलीय' म्हणत्यात. फोन देऊ का त्यास्नी?"
द्या म्हटलं.
"कोण?" बाबा.
'अहो' म्हणावं की 'बाबा'... फोन ठेवून दिला.
हे लिहितेय तोवर पुन्हा वाजतोय.