माती कोणाला परत देते

ग्राझिएल्ला, पोरी,

"माल्लेना पूर्वीसारखी झाली का?" असं तू समुद्रापलीकडून, तुरीनहून सारखं विचारतेस. नाही झाली. मेंढवाडा तिच्या डोळ्यांदेखत जळला तेव्हापासून तुझी लेक मुकी होती. डॉक्टरांच्या गोळ्यांनी झोप आली, शब्द आला नाही. भ्यालेल्याचा जीव तिथली माती ठेवून घेते म्हणतात; शेवटी म्हाताऱ्यांच्या रीतीप्रमाणे, जिथे भ्याली त्याच जमिनीवर तिला नेलं. म्हटलं, "लोळ. मातीनं घेतलेला जीव मातीकडूनच माग." लोळली, राखेनं काळीठिक्कर झाली. उठली आणि म्हणाली, "आजी, बघतेस काय? दगड उचल, वाडा बांधायचाय."

मी दुखरे गुडघे विसरून उचलला. ही कोण, देव जाणे. पण हिच्यापुढे मला डोक्यावरचा रुमाल सारखा करावासा वाटतो.

हे पत्र पाठवत नाही. तू जुन्या माल्लेनाला न्यायला येशील, आणि ती इथे नाही.

तुझी तोंडाळ आई,
ताताना