टेबलावरची बोटं

भोर, मंगळवार, संध्याकाळ

आठवडा झाला, लेकीनं मोबाईलवर टाकून दिलेलं जुनं विलायती पंक रॉक ऐकतोय. साठीनंतर हे कुठलं खूळ? गाणारा नुसता ओरडतो, गिटारवाला येईल तेवढंच बडवतो. शब्द कळत नाहीत. तरी बंद करवत नाही.

आज चहा घेताना ही म्हणाली, "बोटं कशाला आपटताय?" बघितलं तर डावी बोटं टेबलाच्या कडेवर, उजवी मधोमध. हलगीवर असतात तशी. मी तर हलगी कधी हातात धरली नाही. बौद्ध झाल्यावर गावच्या जत्रेत, मयताला वाजवायचं आमच्या लोकांनी बंद केलं, तेव्हा माझ्या वडिलांनी, आबांनी, स्वतःची हलगी चुलीत घातली. बरोबरच केलं. मग ही बोटं कुठून आली?

हिला म्हणालो, "आबा असते तर रागावले असते."

"आबांना गावासाठी वाजवायला लागायचं. तुमी कुणासाठी वाजवताय?"

"कुणासाठीच नाही."

तिनं टेबलावरचे कप तेवढे उचलून नेले, जागा करून दिल्यासारखं.